पोकळ काठ्या

ही गोष्ट मी सांगायची नव्हती. जिच्याकडून ऐकली, ती म्हणाली होती, "लहानांना सांगू नकोस, रडतील." पण मला वाटतं, लहानांनीही ऐकावी.

फार जुन्या काळी एका डोंगराळ राज्यात जासूद असत. ते निरोप आणि औषधं घेऊन धावत घाट ओलांडत. प्रत्येकाच्या दोन्ही हातांत एकेक काठी असे. आधी त्या काठ्या खैराच्या होत्या. त्या मोडत नसत, पण खांदे मोडून काढत. मग गावातल्या बुरुडणीने बांबूच्या काठ्या केल्या. पुढे ती बांबू चुलीवरच्या धुरात वर्षभर वाळवू लागली. काठ्या निम्म्याने हलक्या झाल्या.

तरी एका तरण्या जासुदाचं समाधान होईना.

"मावशी, अजून हलक्या कर की!"

"याहून हलक्या केल्या तर त्या काठ्या नाहीत, फुंकण्या होतील," बुरुडीण म्हणाली. "घाटात चूल पेटवायचीय का तुला?"

सगळे हसले. तो हसला नाही. घरी जाऊन त्याने लोखंडी सळई तापवली. बांबूच्या प्रत्येक गाठीत आतून एक पडदा असतो. ते सगळे पडदे त्याने जाळून काढले. बाहेरून काहीच दिसत नव्हतं. चढावर आता त्याला कुणी गाठू शकत नव्हतं.

एके दिवशी निरोप आला. घाटापलीकडे त्याची बहीण बाळंत झाली होती आणि तापाने फणफणली होती. वैद्याने पुडी दिली. "दिवस मावळायच्या आत पोटात गेली पाहिजे."

"मी येतो सोबत," एक म्हातारा जासूद म्हणाला.

"या मागून, काका. जमलं तर!"

चढ त्याने एका दमात संपवला. पण उतारावर अंगाचा सगळा भार काठ्यांवर येतो. तिसऱ्या वळणावर डावी काठी उभी चिरली. तो खडकावर आदळला आणि त्याचा गुडघा फुटला. तो हाका मारत राहिला. बऱ्याच वेळाने म्हातारा आला. त्याने पुडी घेतली आणि आपल्या जुन्या काठ्या टेकत तो खाली धावला.

औषध पोचलं. बहीण घटकाभर आधीच गेली होती. बाळ रडत होतं.

जासूद कायमचा लंगडा झाला. त्याने बुरुडणीला सगळं सांगितलं. ती रागावली नाही. तिने कड्यावरचा बारीक, घट्ट बांबू शोधला. त्या बांबूच्या काठ्या आणखी हलक्या झाल्या. पण प्रत्येक काठीवर तो लंगडा आधी आपला सगळा भार टाकी. ती वाकली नाही, तरच घाटात जाई.

बहिणीचं ते बाळ, म्हणजे त्याची भाची, मोठी झाली, तेव्हा तीही जासूद व्हायला निघाली. "मामा, हलक्यातल्या हलक्या काठ्या दे," ती म्हणाली. त्याने दोन काठ्या निवडल्या, भाचीसमोर एकेक काठीवर आपला भार टाकला आणि मगच दिल्या.

म्हणून सांगते, ओझं कमी करावं, आधार कमी करू नये. आणि हे ज्याला वेळेवर कळत नाही, त्याच्या चुकीची किंमत कितीदा दुसरंच कुणीतरी... आले, आई, आलेच!