घड्याळाची रुंदी

एकदा एका वृद्ध संकलकाने आपल्या शिष्येला, तिने दोन दिवस खपून केलेले काम पुसून टाकायला सांगितले. शिष्येचा हात धजेना. शेजारच्या खुर्चीवर एक बाई डोळे टिपत बसल्या होत्या आणि ते काम त्यांच्यासाठीच चालले होते.

गाव नदीकाठचे, तालुक्याचे. वृद्धांना सारे आप्पा म्हणत. त्यांनी आयुष्यभर लग्नांच्या चित्रफिती केल्या. त्या काळी फीत तयार होऊन घरी आली की आळीतले लोक जमत, सतरंज्या अंथरल्या जात, आणि पडद्यावर जो दिसेल त्याच्या नावाचा गलका होई. रुंद चित्र टिपणारा कॅमेरा गावात पहिल्यांदा आणला तो आप्पांनीच. आता डोळे थकल्यामुळे त्यांनी दुकान शलाकाच्या हाती सोपवले होते. ती त्यांच्याकडेच शिकली होती.

त्या दुकानात कुमुदबाई आल्या. यजमान गेल्याला वर्ष होत आले होते. वर्षश्राद्धाला दोन्ही मुली येणार होत्या आणि धाकटीच्या लग्नाची फीत सर्वांनी मिळून पाहावी, अशी बाईंची इच्छा होती. चित्रण आप्पांचे, संकलनही त्यांनीच संगणकावरच्या जुन्या प्रोग्राममध्ये केलेले. शलाकाने ते सारे नव्या प्रोग्राममध्ये आणले आणि बाईंना पाहायला बोलावले.

पडद्यावर कन्यादानाचा प्रसंग आला. माणसे उंचच उंच, चेहरे चिंचोळे. बाई पुढे वाकून पाहत राहिल्या.

"हे असे नव्हते गं," त्या म्हणाल्या. "इतके बारीक तर शेवटच्या दुखण्यात झाले. नातीनं आजोबांना अंथरुणातच पाहिलंय. तिला पुन्हा हेच दाखवू का?"

शलाकाने चित्र आडवे ताणले. बाई म्हणाल्या, "आता सूज आल्यासारखे दिसतात." तिने थोडे आत घेतले. मग पुन्हा थोडे बाहेर. दोन दिवस असे चालले. प्रत्येक प्रसंगात ती यजमानांचा चेहरा शोधी, बाईंकडे पाही आणि चित्र ओढी. अखेर बाईंनी पडद्यावरून नजर काढली.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "हे कसे दिसायचे, ते आता माझं मलाच आठवेनासं झालंय."

हे ऐकून शलाका घाबरली. तिने आप्पांना बोलावून घेतले.

"आप्पा, तुम्ही त्यांना पाहिलंय. किती रुंद करू, तेवढं सांगा."

"पाहिलंय, म्हणूनच मला विचारू नकोस," आप्पा म्हणाले. "आधी तू केलेलं सगळं काढ."

नाइलाजाने तिने एकेक बदल काढून टाकला. चित्र पुन्हा चिंचोळे झाले. बाईंनी तोंड फिरवले.

"आता घड्याळ लाव."

"कुठलं घड्याळ?"

"मुहूर्ताचं. कार्यालयात शिरलो की मी आधी भिंतीवरचं घड्याळ घ्यायचो, अगदी समोर उभं राहून. त्याशिवाय तेव्हाची फीत सुरू व्हायची नाही."

शलाकाने घड्याळ शोधून चित्र थांबवले. आप्पांनी खिशातून दोऱ्याचे रीळ काढले, एक तुकडा तोडला, आणि पडद्याला डोळे भिडवून घड्याळाची उंची मोजली. तोच दोरा त्यांनी आडवा धरला. तो दोन्ही बाजूंनी बाहेर उरला. एक बाई आपल्या माणसाचा चेहरा हरवून बसली आहे आणि आप्पा घड्याळे मोजत आहेत, हे शलाकाला बघवेना.

"आप्पा, बाईंना त्यांचे यजमान पाहायचेत."

"त्यासाठीच. आता चित्राला हात लावू नकोस. मूळ क्लिपची माहिती उघड आणि पिक्सेलचा, म्हणजे चित्राच्या ठिपक्याचा, आकार काय धरलाय ते बघ."

तिने उघडून पाहिले. नव्या प्रोग्रामने जुन्या, जवळजवळ चौरस पडद्यासाठीचा आकार धरला होता. आप्पांच्या सांगण्यावरून तिने तेथे रुंद पडद्यासाठीचा आकार निवडला. घड्याळ क्षणात पसरले. आप्पांनी दोरा उभा धरला, आडवा धरला. दोन्हीकडे तो नेमका बसला.

"चित्रात काहीच बिघडलं नव्हतं," आप्पा शांतपणे म्हणाले. "तो कॅमेरा रुंद चित्र दाबून फितीत बसवायचा आणि सोबत सांगून ठेवायचा की, दाखवताना ह्याला पुन्हा पसरा. जुन्या प्रोग्रामला ते समजत होतं. नव्या प्रोग्रामनं ते ऐकलं नाही. तू चेहऱ्यावरून माप घेत बसलीस. चेहरा असा धरून ठेवता येत नाही, बाळ. ह्या बाईंनी वर्षानुवर्षं दुखणं पाहिलंय, त्यामुळे त्यांच्या डोळ्यांतलं माप हललंय. माझ्या डोळ्यांत माझ्या तरुणपणाचं कौतुक आहे, म्हणून माझंही खरं नाही. घड्याळावर कुणाचं प्रेम नसतं. ते गोल होतं, एवढं आपल्याला नक्की ठाऊक आहे. जे नक्की ठाऊक आहे तिथून सुरुवात करावी. मग माणूस जसा होता तसा आपला आपण येतो."

शलाकाने कन्यादानाचा प्रसंग लावला. ह्या वेळी तिने बाईंकडे पाहून काही विचारले नाही.

पडद्यावर रुंद खांद्यांचे, भरल्या अंगाचे एक गृहस्थ पाटावर बसले होते. भटजी काही पुटपुटले, आणि त्यावर कडेला उभे राहिलेले कोणी तरी काही बोलले असावे. गृहस्थांना हसू आवरेना. मंत्र चालू असताना हसू नये म्हणून त्यांनी ओठ आवळले, पण त्यांचे सगळे पोट हलत राहिले.

कुमुदबाई खुर्चीच्या कडेला सरकल्या.

"असेच हसायचे," त्या म्हणाल्या. "आवाज नाही, नुसतं पोट. मी किती चिडायचे त्या हसण्यावर. विसरूनच गेले होते बघ."

शलाकाने चित्र थांबवण्यासाठी हात पुढे केला. आप्पांनी मानेनेच नको म्हटले. गुरुशिष्या दोघे मागे सरकून बसले, आणि लग्न पुढे चालू राहिले.