आबासाहेबांचा मॅक

"एकाच कॉम्प्युटरवर बसायचं, पण प्रोग्राम सगळ्या जातीच्या कॉम्प्युटरवर चालला पाहिजे! शनिवारपर्यंत नाही जमलं, तर सोमवारपासून येऊ नकोस!" पंपांच्या कारखान्याचे मालक आबासाहेब नेर्लेकर गरजले.

हे केतकी पाथरवटला उद्देशून होतं. कारखान्यातले सगळे कॉम्प्युटर तीच सांभाळायची. इथे बसून लांबच्या कॉम्प्युटरला हुकूम सोडता येईल, असा प्रोग्राम तिने लिहून ठेवला होता. पण तिच्या टेबलावर विंडोज, गोदामात लिनक्स आणि साहेबांच्या केबिनमध्ये मॅक. त्याचा प्रोसेसरही निराळा! प्रत्येकासाठी प्रोग्राम वेगळा कंपाइल करायला, म्हणजे त्या त्या कॉम्प्युटरला कळेल अशा भाषेत उतरवायला हवा होता.

"साहेब, तुमचा मॅक तासभर मिळाला तर..."

"माझा मॅक? अगं, त्याला मीसुद्धा हात लावत नाही!"

ते मात्र खरं होतं. घेतल्यापासून तो नुसता चालू असायचा आणि त्याच्यावर फक्त फडकं फिरत होतं.

"साहेबांनी सांगितलं म्हणजे होणारच!" मॅनेजर मोघ्यांनी मान डोलावली. साहेब काहीही म्हणाले तरी ती डोलायचीच.

केतकीने खुर्ची टेबलाशी ओढली. मग म्हणाली, "म्हणजे खुर्ची सोडायची नाही आणि दुसऱ्या कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. एवढंच ना?"

"एवढंच! मोघे, हिच्यावर लक्ष ठेवा!"

केतकीने आधी आपल्या विंडोजपुरता प्रोग्राम कंपाइल केला. मग तोच उघडून बसल्या जागेवरून गोदामातल्या लिनक्समध्ये शिरली. तिथला प्रोग्राम तिथेच तयार करवून घेतला. मग खुर्चीतूनच स्वारी वळली केबिनमधल्या मॅककडे आणि तिथलाही प्रोग्राम त्याच्याकडूनच करवून घेतला. मोघे तिच्या हातांकडे टक लावून बसले होते. पडद्याकडे बघायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं!

शनिवारी तिन्हीकडे प्रोग्राम सुरळीत चालला. आबासाहेब लालबुंद झाले.

"मोघे! हिने माझ्या मॅकला हात लावला?"

"छे, साहेब! खुर्चीवरून हललीसुद्धा नाही!"

"मग केलं कुणी?"

"तुमच्या मॅकनंच, साहेब," केतकी म्हणाली. "मी नुसते हुकूम सोडले. म्हणजे काम मीच केलं!"

"आणि वर म्हणतेस, काम मी केलं?"

"खुर्चीत बसून हुकूम सोडायचे, कशाला हात लावायचा नाही आणि काम आपण केलं म्हणायचं... हे तर मी याच कारखान्यात शिकले, साहेब!"

मोघ्यांची मान डोलता डोलता मध्येच अडकली. आबासाहेबांनी डोळे वटारले, मिशी थरथरली आणि मग ते असे हसले, की बाहेरचे कामगार दाराशी गोळा झाले.

"मोघे, आजपासून तुमची केबिन हिची! आणि पगार तुमच्याएवढा!"

"अन् मी कुठं बसू, साहेब?"

"कुठंही बसा हो! तुम्हाला तरी कुठं कशाला हात लावायचाय?"