लाल ओढ्याचं नगर

फार मागची गोष्ट. तेव्हा तुमचे आजोबाच काय, आजोबांचे आजोबाही पाळण्यात आले नव्हते. डोंगराच्या पायथ्याशी एक नगर होतं आणि नगराच्या मधोमध एक ओढा वाहत होता. नगराला तट होता, वेशी होत्या, देवळं होती, भरला बाजार होता. पण लांबलांबचे लोक यायचे ते रंगारी आळीतल्या कापडासाठी. तसा तांबडा रंग दुसऱ्या कुणाच्या हाताला साधतच नव्हता म्हणे. लुगडं विरून जायचं, पण रंग जागचा हलायचा नाही.

रंगारी आळी ओढ्याच्या वरच्या अंगाला होती. कापड रंगवून झालं की हौदातलं उरलेलं पाणी रंगारी ओढ्यात सोडून देत. मग ओढा कुंभार आळी, लोहार आळी, बाजारपेठ असं करत खाली यायचा, आणि सगळ्यात शेवटी माळी आळीतल्या मळ्यांना पाणी देऊन वेशीबाहेर पडायचा.

आता गंमत ऐका. ओढा रंगीत वाहतो याची त्या नगराला लाज नव्हती. उलट केवढा अभिमान! पाहुणा आला की त्याला आधी ओढ्यावर नेत. "बघा, आज पिवळा आहे. म्हणजे उपरणी रंगतायत." आणि लग्न? ओढा लाल झाल्याशिवाय लग्न लागायचंच नाही. नवरी मांडवात यायची वेळ झाली की रंगारी चांगले दोन हौद तांबडं पाणी सोडत. वाजंत्री वाजे, बाया म्हणत, "शकुन झाला गं बाई!" ज्याच्या घरचं लग्न मोठं, त्याचे हौद जास्त.

हसू नका. चांगली शहाणीसुरती माणसं होती ती. पण एखाद्या गोष्टीचं कौतुक करायची सवय लागली की तिच्याकडे नीट बघायचं राहूनच जातं. तुमच्या-माझ्या घरातही असं काही ना काही असतंच.

माळी आळीत सटवोजी नावाचा माळी होता. त्याच्या मळ्यातली वांगी राजवाड्यात जायची. पण हळूहळू खालच्या अंगाला बिघडत चाललं. आधी ओढ्यातले मासे गेले. लोक म्हणाले, उन्हाळा कडक आहे. मग विहिरींचं पाणी मचूळ झालं. लोक म्हणाले, जमिनीतच क्षार असेल. मग गुरं पाण्याला तोंड लावेनात. आणि एका वर्षी सटवोजीची वांगी मुळापासून करपली. नुसती त्याचीच नाही, सगळ्या आळीची. खायचं काय आणि विकायचं काय? माळी आळीतल्या चाळीस घरांनी गाड्या भरायला घेतल्या.

नगर सोडून जायच्या आधी सटवोजी राजाकडे गेला आणि त्यानं करपलेलं रोप पुढ्यात ठेवलं. राजा भला होता, पण डोक्यानं गरम. एका नजरेत त्याला सगळं कळलं आणि त्यानं तिथल्या तिथं हुकूम सोडला, "महिन्याभरात रंगारी आळी उठवा!"

झालं! रंगारी आळीत आकांत उडाला. त्या आळीत म्हाळसाक्का नावाची म्हातारी होती. सत्तरी ओलांडलेली, हात कोपरापर्यंत कायमचे लाल. आळीत तिचा शब्द शेवटचा. ती तरातरा माळी आळीत गेली आणि सटवोजीच्या दारात उभी राहून कडाडली, "का रे सटवोजी, तुझं काय घोडं मारलं होतं आम्ही? पाच पिढ्या इथं राहिलोय!"

सटवोजी भांडला नाही. तो म्हणाला, "आक्का, मळ्यात चला."

म्हाळसाक्का मळ्यात गेली. तिनं एक रोप उपटलं, दुसरं उपटलं. मुळं काळी पडलेली. तिनं मुठीत माती घेतली, नाकाशी नेली, आणि तिचा राग जागच्या जागी विझला. तो वास तिच्या ओळखीचा होता. तिच्याच हौदातला होता. ती बांधावर मटकन बसली आणि पदरात तोंड घालून रडली.

"अरे, मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"कोणत्या तोंडानं बोलू, आक्का? माझ्या थोरलीच्या लग्नात तुमच्याकडे तीन हौद मीच मागितले होते."

  मग म्हातारी उठली, तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "चल माझ्याबरोबर."

दोघं राजासमोर उभे राहिले. म्हाळसाक्का म्हणाली, "महाराज, तुम्ही म्हणाल तर आम्ही आज जातो. पण जाऊ तिथं हौद मांडणार, आणि पाणी तिथल्या ओढ्यात सोडणार. तिथंही खाली कुणीतरी सटवोजी असेलच की. त्यापेक्षा आम्हाला एक वर्ष द्या. घाण आम्ही केली, आम्हीच निस्तरतो."

राजानं सटवोजीकडे पाहिलं. "तुझं काय म्हणणं? आणखी एक वर्ष मळा पडीक राहील."

सटवोजीला घरची रिकामी कणगी दिसत होती. तरी तो म्हणाला, "गाड्या उतरवतो, महाराज. एक वर्ष कसंतरी काढू."

"ठीक," राजा म्हणाला. "पुढच्या गुढीपाडव्याला मी माळी आळीच्या घाटावर येईन. तिथलं पाणी रंगाऱ्यांनी माझ्या डोळ्यांदेखत प्यायचं. प्यायलात तर राहा. हात आखडलात तर त्याच दिवशी हौद फोडीन."

त्या संध्याकाळी वडाच्या पारावर सगळं नगर जमलं. चुन्याच्या निवळीनं रंग तळाशी बसतो, हे रंगाऱ्यांना ठाऊक होतं. कुंभार म्हणाले, "आमच्याकडे खापऱ्या आणि वाळू ढीगभर आहे, पाणी त्यातून गाळू." लोहार म्हणाले, "कोळसा आमचा." माळी म्हणाले, "शेवटच्या खड्ड्यांत वाळा आणि लव्हाळा आम्ही लावतो. त्यांची मुळं पाणी गोड करतात." ठरलं! ओढ्याच्या कडेनं सात खड्डे, एकातून दुसऱ्यात पाट, आणि सातव्यातून पाणी ओढ्यात. एकेक खड्डा एकेका आळीचा.

काय तो उत्साह! ढोल वाजवत खड्डे खणले. कुणाचा खोल, कुणाचा रुंद, यावरून पैजा लागल्या. काठावर आपापल्या आळीची निशाणं रोवली. महिन्याभरात खालच्या अंगाला पाणी नितळ दिसायला लागलं आणि सगळे एकमेकांच्या पाठी थोपटायला लागले.

पण श्रावण आला आणि पाणी पुन्हा काळं झालं. का? अहो, खड्ड्यात रंग बसतो म्हणजे कुठे बसतो? तळाशी! सातही खड्डे गाळानं गळ्यापर्यंत भरले होते. खणायला शंभर हात होते, उपसायला एक नाही. विचारलं तर प्रत्येक आळी म्हणे, "आम्ही खणायचं कबूल केलं होतं. उपसायचं कुठे ठरलं होतं?" निशाणं मात्र फडकत होती.

म्हाळसाक्कानं ते पाहिलं. ती कुणाला बोलली नाही. तिनं पदर खोचला, टोपली घेतली, आणि सरळ लोहार आळीच्या खड्ड्यात उतरली. स्वतःच्या नाही हं, लोहारांच्या! कमरेइतक्या गाळात सत्तरी ओलांडलेली म्हातारी एकेक टोपली वर ठेवतेय, हे ऐकून लोहारांचा म्होरक्या धावत आला.

"आक्का, अहो बाहेर या! आमचा खड्डा आम्ही बघू की."

"कधी बघणार? पाडव्यानंतर?"

त्या आडदांड माणसाची मान खाली गेली. तो उतरला. त्याच्यामागं त्याची आळी उतरली, आणि ते बघून बाकीच्याही. त्या दिवसापासून नियम झाला. दर पंधरवड्याला गाळ काढायचा, पाळीपाळीनं, प्रत्येक घरातल्या एका माणसानं. आपल्या जागी गडी पाठवायचा नाही. कोतवालाचीही पाळी लागली आणि देवळातल्या भटजींचीही.

भटजी काठावर घुटमळले. "आक्का, सोवळ्यात उतरू की ओवळ्यात?"

"आधी गाळात उतरा भटजीबुवा, मग काय ते ठरवा."

सगळे खदखदून हसले, भटजीही हसले आणि उतरले. काढलेला गाळ शेतात टाकायचा नाही, असं सटवोजीनं बजावलं होतं. कुंभारांनी तो मातीत मळून विटा भाजल्या आणि त्याच विटांनी खड्ड्यांचे काठ बांधून काढले.

असं करता करता माघ उजाडला. म्हाळसाक्काच्या नातीचं, सगुणाचं लग्न ठरलं होतं. वऱ्हाड परगावचं. पण इथली लाल ओढ्याची रीत त्यांनीही ऐकलेली. वेशीवर आल्या आल्या नवऱ्याच्या बापानं ओढा पाहिला आणि मांडवात येऊन तो तडकला, "हे काय? ओढा लाल नाही? आमच्या पोराच्या लग्नाला अपशकुन करता? दोन हौद सोडा, नाहीतर वरात माघारी नेतो!"

 हौद भरलेले होते. एक फळी उचलायचा अवकाश, ओढा लाल झाला असता. पण इतकं पाणी एकदम खड्ड्यांत मावणार नव्हतं; ते थेट खाली गेलं असतं आणि माळ्यांनी नव्यानं लावलेली रोपं पुन्हा करपली असती. तेही पाडवा दीड महिन्यावर असताना! एकीकडे सख्खी नात, दुसरीकडे सगळं नगर. म्हातारीनं भरल्या हौदांकडे पाहिलं, मग खाली मळ्यांकडे.

तेवढ्यात सगुणाच पुढे आली. मुंडावळ्या बांधलेल्या, नजर खाली. पण आवाज स्वच्छ.

"मामंजी, तीन वेळा मी त्या गाळात उतरलेय. तुम्ही वरात परत नेलीत तर मला रडू येईल. पण मी हौद सोडू देणार नाही."

 सटवोजी हात जोडून म्हणाला, "व्याहीबुवा, मळ्यात चला. लाल पाण्यानं काय केलं ते बघा, मग वरात कुठे न्यायची ते ठरवा." तो गेला. मेलेलं रान पाहिलं, त्याच्या शेजारी नुकतीच तरारलेली रोपं पाहिली. तोही शेतकरीच होता. परत आला आणि म्हणाला, "मुहूर्त टळतोय, अंतरपाट धरा." आणि बिनरंगाच्या ओढ्याकाठी त्या नगरातलं पहिलंवहिलं लग्न लागलं. अक्षता टाकताना कितीतरी जणांचे डोळे भरून आले होते.

पाडवा आला. घाटावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. राजा पायरीवर बसला. त्यानं स्वतः ओढ्यात वाटी बुडवली आणि म्हाळसाक्कापुढे धरली.

खरं सांगू? म्हातारी वाटीतलं पाणी निरखत राहिली. पाणी नितळ दिसत होतं, पण मागं एकदा नितळ दिसूनच तर सगळे फसले होते. तिनं हात पुढे केला, एवढ्यात गर्दीतून सटवोजी आला, त्यानं राजाच्या हातातली वाटी घेतली आणि घटाघटा पिऊन टाकली.

राजाच्या कपाळावर आठी पडली. "मी रंगाऱ्यांना प्यायला सांगितलं होतं! तू तर त्यांच्यावर फिर्याद घेऊन आला होतास."

सटवोजीनं मिशीवरचं पाणी पुसलं. "होय महाराज. पण तेव्हा पाणी रंगाऱ्यांचं होतं. आता त्यात माझाही एक खड्डा आहे. ते वाईट निघालं तर निम्मी लाज माझी."

"आणि आमची?" लोहारांचा म्होरक्या ओरडला, आणि घाटावर वाकून ओंजळीनं प्यायला. मग कुंभार वाकले, कोतवाल वाकला, भटजी वाकले, पाडव्यासाठी मुद्दाम आलेला सगुणाचा सासरा वाकला. म्हाळसाक्का प्यायली ती गर्दीत सगळ्यांत शेवटी, कारण तिला कुणी पुढे जाऊच देईना. राजा तिला म्हणाला, "आक्का, आता कुणाची आळी उठवू ते तरी सांगा. इथं तर सगळेच रंगारी दिसतायत." आणि त्यानं मुकुट काढून प्रधानाच्या हातात दिला, धोतर सावरलं, आणि नगरासारखाच पाण्याला वाकला.

हुकूम तिथंच रद्द झाला. एकही आळी उठली नाही, एकही गाडी वेशीबाहेर गेली नाही, आणि रंगाऱ्यांचं कापड पूर्वीसारखंच तांबडं निघत राहिलं. पुढे दूरदूरची नगरं आपली माणसं तिथं शिकायला पाठवू लागली. तिथला कुणी परमुलखात गेला आणि "तू कुठला?" असं विचारलं, की तो छाती काढून नगराचं नाव सांगे आणि आपली गाळाची पाळी कोणत्या दिवशी असते तेही सांगे.

बोध : आपल्या दारातून वाहून गेलेली घाण संपत नाही, ती शेजाऱ्याच्या दारात जाते, म्हणून ती उपसायला ज्या नगरातला प्रत्येक जण स्वतः उतरतो, तेच नगर टिकतं.