बयाजीच्या जीपचा कार्बोरेटर

डोंगरांच्या मधल्या खोऱ्यात करंजमाळ नावाचं एक गाव होतं आणि साऱ्या गावात मिळून गाडी एकच होती. ती बयाजी ढेबे याची जुनी जीप. दुधाचे कॅन, बाजाराची पोती, अडीनडीला आजारी माणूस, सगळं तीच खिंडीपलीकडे तालुक्याला न्यायची. रस्ता कच्चा, दगडांचा. खिंडीच्या अलीकडे उंबराचं वळण होतं. ते इतकं उभं आणि तिरकं, की गाडीतली माणसं तिथं बोलता बोलता गप्प व्हायची.

त्या वर्षी बयाजीची लेक कौसा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि नेमका तेव्हाच जीपचा कार्बोरेटर गेला. इंजिनाला पेट्रोल आणि हवा बेतानं पुरवायची हे त्याचं काम. तोच झिजला. पेट्रोल गळू लागलं, चढावर इंजिन आचके देऊ लागलं.  बयाजीनं कार्बोरेटर खोलला, फडक्यात गुंडाळला आणि खिंड पायी ओलांडून तालुका गाठला.

दुकानदारानं तो उलटसुलट करून पाहिला. "या मापाचा आता बाहेरून मागवावा लागतो. कधी येईल, सांगता येत नाही."

"आणि तो?" बयाजीनं काचेच्या कपाटाकडे बोट केलं. आत एक मोठा, चकचकीत कार्बोरेटर होता.

"तो मोठ्या इंजिनाचा. मधे पट्टी घातली तर तुमच्या जीपवर बसेल. जोरही वाढेल. पण चढाची हमी मी देणार नाही. तुमचा रस्ता मी पाहिलेला नाही."

बयाजीच्या डोळ्यांपुढे कौसा होती. त्यानं 'बसेल' एवढंच ऐकलं आणि मोठा कार्बोरेटर घेऊन तो घरी आला.

जीप सुरू झाली ती पहिल्याच झटक्यात. माळावर अशी पळाली की पोरं मागं धावून दमली. सरपंच शेवंताक्का म्हणाल्या, "बयाजीभाऊ, गाडी तरणी झाली की!" लोक हसले. बयाजीही हसला.

पण परत येताना शाळेमागच्या लहानशा चढावर इंजिन खोकलं. पेट्रोलचा उग्र वास आला, मागून काळा धूर निघाला आणि मग गाडी पुन्हा नीट चालू लागली. कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. बयाजीच्या मात्र आलं.

त्या दिवसापासून त्याला घास गोड लागेना. बायको अंबूनं विचारलं, "कौसाचे दिवस भरत आलेत. गाडी तयार आहे ना?"

"आहे," तो म्हणाला. आपलाच आवाज त्याला परका वाटला.

तो मनाची समजूत घालू लागला. पेट्रोलमध्ये कचरा असेल. नवी वस्तू आहे, रुळायला वेळ लागेल, असं म्हणत त्यानं खिंडीची फेरी पुढं ढकलली. आणि आता नाही म्हटलं तर गावाचं दूध जायचं कसं? साऱ्या गावानं वाखाणलेली गाडी वाईट आहे, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? पण कौसा उठताना कमरेवर हात ठेवायची आणि त्याला उंबराचं वळण आठवायचं.

शेवटी एका दुपारी त्यानं पोत्यांत दगडगोटे भरले. जितकी माणसं बसतात तितकं वजन जीपमध्ये चढवलं आणि कुणाला न सांगता एकटाच उंबराच्या वळणाकडे निघाला.

वळणाच्या ऐन मध्यावर जीप तिरकी झाली. कार्बोरेटरमधलं पेट्रोल एका बाजूला साचून इंजिनात उतू गेलं. इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. जीप मागं घसरू लागली. बयाजीनं सारं बळ लावून ब्रेक दाबला, तरी ती घसरतच राहिली. मागचं चाक कडेच्या धोंड्याला अडकलं, तेव्हा कुठं थांबली.

त्यानं हँडब्रेक ओढला. मग त्यानं मागं वळून पाहिलं. कौसाला जिथं बसवायचं, तिथलं पोतं घरंगळलं होतं आणि अर्धं बाहेर, दरीच्या बाजूला लोंबत होतं.

चाकांना दगड लावून तो पायीच गावात आला. दूध घालायला माणसं जमली होती. तिथं उभं राहून तो म्हणाला, "गाडी चढाला चालणार नाही. मी चुकीचा कार्बोरेटर आणलाय. जुन्या मापाचा येईपर्यंत गाडीत कुणी बसायचं नाही."

"परवा तर वाऱ्यासारखी पळत होती!" एकजण म्हणाला.

"सपाटीला पळते."

"मग आमच्या दुधाचं काय?"

 मान खाली घालून बयाजी सगळ्यांची बोलणी ऐकत राहिला.

घरी आल्यावर त्यानं कौसाला आताच डोलीतून तालुक्याला, आत्याच्या घरी नेऊन ठेवायचं काढलं. अंबू भडकली. "घरची गाडी असताना लेकीला लोकांच्या खांद्यावरून न्यायची? व्याही काय म्हणतील? तुम्ही गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं?"

कौसाच म्हणाली, "आबा, डोलीनंच चला. वाटेत हवं तिथं थांबता तरी येईल."

सकाळच्या गारव्यात डोली निघाली. ज्यांनी आदल्या दिवशी बोल लावले होते, त्यांनीच आळीपाळीनं खांदा दिला. बयाजी सगळी वाट डोलीला हात लावून चालला. पोहोचल्याबरोबर त्यानं दुकानात जाऊन जुन्या मापाचा कार्बोरेटर मागवायला सांगितलं.

आत्याकडे दिवस शांत गेले. इतके शांत, की आपण उगाच सगळ्यांना त्रास दिला असं बयाजीला वाटू लागलं. आणि एका संध्याकाळी, दिवस भरायच्या आधीच, कौसाला कळा सुरू झाल्या. दवाखाना दोन गल्ल्या सोडून होता. बाळ आडवं होतं. डॉक्टरीणबाईंनी लगेच ऑपरेशनला घेतलं. बयाजी आणि अंबू दाराबाहेर बसून राहिले. दोघंही दाराकडे बघत होते, एकमेकांकडे बघायचा धीर होत नव्हता.

दार उघडलं. "मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत," बाई म्हणाल्या. "जवळ होतात म्हणून निभावलं. आणखी उशीर झाला असता तर माझ्या हातात काही राहिलं नसतं."

अंबूनं पदर तोंडाला लावला. मग ती म्हणाली, "मी तुम्हांला नको ते बोलले. गप्प बसा म्हणाले."

बयाजी म्हणाला, "मलाही गप्पच बसावंसं वाटत होतं गं."

तात्पर्य: मनात शंका आली, तर हाताशी वेळ आहे तोवर आपणच तिची परीक्षा घ्यावी, आणि ती खरी निघाली, तर लाज बाजूला ठेवून चारचौघांत सांगून टाकावी.