वेशीवरचा प्रश्न

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा राजालासुद्धा लोकच निवडायचे. हसू नका, निवडायचे.

डोंगरांच्या पायथ्याशी नऊ गावं होती. एकेकट्याने राहून भागेना, तेव्हा नऊही गावं एकत्र बसली आणि त्यांनी एक करार दगडावर कोरून घेतला. सीमेची राखण, मोठे रस्ते आणि नाणं राजाचं. गावातलं पाणी, रान आणि तंटा गावाचा. राजा कुठल्याही गावात शिरण्याआधी वेशीवर थांबेल आणि विचारेल, "येऊ का?" वेसकर विचारेल, "काय काम?" राजाने किंवा त्याच्या माणसाने काम मोठ्याने सांगायचं, गावाला ऐकू जाईल असं. मगच दार उघडायचं. जो राजा न विचारता दार मोडेल, तो त्या दिवसापासून राजा नाही.

पहिला राजा विचारायचा. दुसराही विचारायचा. तिसरा तर फारच चांगला माणूस होता, आणि घोळ तिथेच झाला.

चैत्रातल्या एका दुपारी तो पहिल्या गावाच्या वेशीवर आला. घामाने भिजलेला, ओठ सुकलेले. तो तोंड उघडणार, तेवढ्यात पाटील पुढे धावले. "महाराज, विचारता काय? आपलंच घर आहे हे."

राजा सुखावला. जाताना त्याने त्या गावाला दगडी चावडी बांधून दिली.

दुसऱ्या गावाने हे ऐकलं. ते कशाला मागे राहतंय? त्यांनी वेशीची दारंच काढून ठेवली. वर्ष सरता सरता आठ गावांनी दारं काढली आणि राजाला प्रश्न माफ केला. कोणी मागितलं नव्हतं, कोणी धमकावलं नव्हतं. पाहुण्याला उंबऱ्यावर उभं कसं ठेवायचं, एवढीच भीड.

नववं गाव सगळ्यांत लहान. तिथला वेसकर वारला होता आणि त्याची म्हातारी बायको वेस सांभाळायची. राजाचा घोडा आला, तेव्हा दार बंद होतं.

"आजी, दार उघडा," राजा म्हणाला.

"तुम्ही अजून विचारलं नाहीत, महाराज."

त्या गावचे पाटील धापा टाकत आले. "अगं म्हातारे, घरच्या माणसाला कोणी अडवतं का?"

"घरचा माणूससुद्धा आत येताना खाकरतो, पाटील."

घोडा धरून उभा असलेला राजाचा मोतद्दार फिस्सकन हसला. राजाही हसला, पण उशिरा. मग त्याने विचारलं, "येऊ का?"

"काय काम?"

"सहज. गाव बघायला."

"या मग."

राजा आला, गाव बघून गेला. चावडी काही आली नाही.

त्या दिवसापासून गावाने म्हातारीशी बोलणं टाकलं. बाया हंडे घेऊन पलीकडच्या वाटेने जाऊ लागल्या. सणाला तिच्याकडे ताट येईना. समोरचा कुंभार रोज सकाळी तिच्याकडून विस्तव न्यायचा, तो सगळ्यांत जास्त चिडला. "तुझ्या तोंडापायी चावडी गेली," असं एकदा म्हणाला आणि नंतर तेवढंही बोलला नाही. तो विस्तव लांबून, तेल्याकडून आणू लागला.

दिवस दिवस कोणी फिरकायचं नाही. परका वाटसरू आला, तर तिच्या तोंडून दोन शब्द निघायचे, "काय काम?" बाकी दिवसभर गप्प. दोन भाकऱ्या करायची जुनी सवय होती. एक खायची, दुसरी सकाळी शिळी खायची. कधी कधी स्वतःचा आवाज आहे की गेला हे बघायला खोकून पाहायची.

एकदा तिने कंटाळून दाराचा अडणा काढला. दार सताड उघडलं आणि बसून राहिली. राजा चांगला आहे, उगाच मी वाईट झाले, असं तिला वाटलं. घटकाभराने ती उठली आणि दार पुन्हा लावून घेतलं. स्वतःशीच म्हणाली, "दार चांगल्या राजासाठी नसतंच मुळी."

पुढे तो राजा गेला. लोकांनी दुसरा निवडला. त्याला नऊही गावांची रानं हवी होती. पहिल्या गावातली तीन माणसं नको म्हणाली. सकाळी शिपाई बिनदाराच्या वेशीतून आत शिरले आणि तिघांना घेऊन गेले.

पाटील मागे धावले. "विचारलं नाहीत. काम सांगितलं नाहीत. करारात आहे ते."

शिपायांचा नाईक म्हणाला, "विचारणं तुम्हीच माफ केलंत, पाटील. आम्ही काही मोडलेलं नाही."

आठ गावांत असंच झालं. मग वीस घोडेस्वार नवव्या गावाशी आले. त्यांना कुंभार हवा होता. भर बाजारात तो म्हणाला होता, रान गावाचं आहे.

दार जुनं होतं. एका लाथेत पडलं असतं. पण या वेशीवर प्रश्न कधी माफ झाला नव्हता. इथे दार पाडलं, तर राजाचं राजेपण जाणार हे नाईकाला ठाऊक होतं. तो घोड्यावरून उतरला.

"येऊ का?"

"काय काम?"

"कुंभाराला न्यायचंय."

"कशासाठी? मोठ्याने सांगा, गाव जमलंय."

नाईक चाचरला. "तो बोलला म्हणून."

"काय बोलला?"

"रान गावाचं आहे, असं."

"खोटं बोलला?"

नाईक करार वाचलेला माणूस. त्याने खाली बघितलं.

"मग काही काम नाही तुमचं," म्हातारी म्हणाली. "हौद बाहेरच आहे. घोड्यांना पाणी दाखवा आणि निघा."

ते गेले. कुंभार दाराआड उभा होता. त्याला बोलायचं होतं, पण इतक्या वर्षांनी सुरुवात कुठून करावी ते कळेना. म्हातारीनेही त्याला सोपं केलं नाही. अडणा सरकवला आणि आपल्या जागी जाऊन बसली.

आठ गावांनी मग नवी दारं बसवली, चांगली जाड, सागवानी. पण शिपाई त्यांच्यापुढे थांबत नसत. तो प्रश्न परत मिळवायला त्या गावांना दोन पिढ्या भांडावं लागलं, आणि कितीतरी माणसं बंदिखान्यात म्हातारी झाली.

वेसकरीण मात्र घोडेस्वार आले त्याच वर्षी थंडीत वारली. तिच्या जागी कोण बसणार, असं पाटलांनी विचारलं, तेव्हा सगळे एकमेकांकडे बघू लागले. शेवटी कुंभाराने आपलं चाक उचललं आणि वेशीत नेऊन ठेवलं. तिथेच मडकी घडवायचा आणि येणाऱ्या प्रत्येकाला, सोयऱ्यालासुद्धा, काम विचारायचा. लोकांना त्याचा राग यायचा. मग त्याच्याशीही फारसं कोणी बोलायचं नाही.

बोध असा: जोराने हिसकावलेला हक्क जोराने परत घेता येतो, पण भिडेपोटी सोडलेल्या हक्कासाठी पिढ्यान्‌पिढ्या भांडावं लागतं, म्हणून एकटं पडलात तरी विचारणं सोडू नका.