बांधावरची कोनशिला

अजूनही वाघदऱ्याचा तलाव भरला की म्हाताऱ्यांना हौसाक्का आठवते. त्याच्या मातीच्या बांधासाठी तिनंही उमेदीत पाट्या वाहिल्या होत्या.

उद्घाटनाला तालुक्याचे सभापती आले नि म्हणाले, “बांधाच्या मधोमध खड्डा घ्या. माझ्या नावाची कोनशिला तिथंच बसवायची.”

खड्ड्यानं नवा बांध कमजोर होणार हे सगळ्यांना दिसत होतं, पण सभापतींना सांगणार कोण?

हौसाक्का पदर सावरत म्हणाली, “बसवा की सायेब. उद्या तिथनं पाणी घुसून बांध फुटला, तर माती जाईल वाहून, पण तुमचा दगड मागं उरेल. कुणापायी फुटला, ते पोराबाळांना वाचता तरी येईल.”

सभापतींनी कोनशिला खाली पाण्याकाठी ठेवायला लावली. धुणं आपटून आपटून तिच्यावरचं नाव केव्हाच झिजलं. आता बाया तिला हौसाक्काचा दगड म्हणतात.