थोरलीचा मान आणि हौशीची नखं

या गोष्टीइतकी खरी गोष्ट साऱ्या पंचक्रोशीत सापडायची नाही. अक्षरन् अक्षर खरी. फक्त गावाचं नाव कुणाला आठवत नाही, साल ठाऊक नाही, आणि मांजरीचा रंग सांगणाऱ्यागणिक बदलतो. तेवढं सोडलं तर बाकीच्यात कुणी खोट काढून दाखवावी.

तर फार पूर्वी नदीकाठच्या एका गावात दोन जावा राहत होत्या. एक थोरली, एक धाकटी. त्यांचे नवरेही होते, पण या गोष्टीत त्यांना एकही वाक्य नाही. घरातही नसायचं.

सासू गेली आणि भावाभावांच्या वाटण्या झाल्या. एका घराची दोन घरं झाली, मध्ये कुडाची भिंत आली. तांब्या-पितळेची भांडी थोरलीनं घेतली, कारण ती थोरली. सासूच्या जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी धाकटीच्या वाट्याला आली, कारण ती कुणालाच नको होती. सगळं वाटून झालं आणि उरली एक मांजर. तिचं नाव हौशी. ती याच गोधडीच्या घडीत, माळ्यावर जन्मलेली.

आता मांजर काही मधोमध वाटता येत नाही. म्हणून कुडाला खालच्या बाजूला एक भोक ठेवलं. त्या भोकातून हौशी इकडची तिकडे, तिकडची इकडे जायची. थोरलीचा एक डोळाही दिवसातून दहा वेळा तिकडे जायचा. बाकीचं अंग मावत नसे.

थोरलीला भूक फक्त मानाची. हळदीकुंकू आधी तिला लागायला हवं. पंगतीत पहिलं पान तिचं. वाटण्या व्हायच्या आधी रोज दिवेलागणीला धाकटी पाय चेपायला बसायची. आधी सासूचे, मग थोरलीचे. "जरा वर. अगं, हातात जीव आहे की नाही? माहेरी खायला घालत नव्हते का?" असं थोरली म्हणत राहायची आणि धाकटी चेपत राहायची. भिंत आली आणि ते बंद झालं. थोरली त्याबद्दल कधी अवाक्षर बोलली नाही. पण दिवसभर धडधाकट असलेले तिचे पाय बरोबर दिवेलागणीला दुखायला लागायचे.

एके दुपारी थोरलीनं सवयीप्रमाणे भोकाला डोळा लावला, आणि तो तिथंच चिकटला.

पलीकडे धाकटी पाय पसरून बसली होती. ऐन उन्हाळ्यात मांडीवर चौघडी करून ती गोधडी घेतलेली. गोधडीवर हौशी. हौशीनं डोळे मिटले होते आणि पुढचे दोन पंजे आळीपाळीनं ती गोधडीत रुतवत होती. एक दाबायचा, दुसरा उचलायचा. दुसरा दाबायचा, पहिला उचलायचा. वर घुरघुर चालू.

"अगं बाई!" थोरली पुटपुटली. "ही तर तिचे पाय चेपतेय!"

तुमच्या-माझ्यासारख्या माणसाला हसू आलं असतं. थोरलीच्या मात्र अंगाचा तिळपापड झाला. थोरली कोण? ती. मान कुणाचा? तिचा. मग सेवा तिकडे कशी? आणि ती धाकटी तरी कशी बसली होती पाहा, उकडत असताना गोधडीची बैठक करून, एखाद्या राणीसारखी!

त्या दिवसापासून थोरलीला हौशीचं प्रत्येक वागणं त्याच रंगात दिसू लागलं. थोरलीचं सारवण गावात नावाजलेलं होतं. जमीन अशी गुळगुळीत की वाटाणा ठेवला तर घरंगळत दाराबाहेर जावा. एके सकाळी तिनं कोपरा सारवला, हात धुतले आणि मागं वळून पाहते तो हौशीनं ओल्या कोपऱ्यात वीतभर खड्डा उकरलेला. दुसऱ्या दिवशी नव्या सागवानी चौकटीपाशी हौशी मागच्या पायांवर उभी राहिली आणि पुढच्या नखांनी खर्र-खर्र करून तिनं चौकटीचं भुस्कट पाडलं.

"माझी जमीन उकरते, माझी चौकट ओरबाडते, आणि पाय मात्र तिचे चेपते!" थोरली केरसुणी घेऊन धावली. "शिकवून ठेवलंय हिला. नाहीतर मांजराला काय कळतंय थोरलं-धाकटं!" मग दोन पावलांवर थांबून तिला वाटलं, की कळायला नको का? म्हणजे मांजराला कळतं म्हणून राग, आणि कळत नाही म्हणूनही राग. मत्सराचं असंच असतं. त्याला दोन्हीकडून जेवायला मिळतं.

तरी तिनं मन वळवायचा प्रयत्न केला. वाटीभर साय समोर ठेवली आणि पाय पसरून बसली. "ये गं हौशे, ये गं माझी गुणाची." हौशीनं साय चाटली, मिशा पुसल्या आणि भोकातून पलीकडे गेली. मग थोरलीनं नव्याकोऱ्या कापडाची गोधडी शिवली. कापडाला खळीचा वास. हौशी तिच्यावर एकदा शिंकली आणि परत फिरली.

अखेर थोरलीनं कुडाआडून विचारलंच.

"काय गं, पाय फार दुखतात वाटतं हल्ली?"

"नाही हो जाऊबाई. का?"

"नाही, सेवा चालू असते रोज, म्हणून म्हटलं."

"हौशी होय?" धाकटी हसली. "ती तिच्या मनात आलं की करते. मी कशाला सांगू तिला?"

तेवढंच. पण थोरलीला ते वाक्य फार लागलं. न सांगता! आपले पाय आजवर कुणी न सांगता चेपले होते का? तिनं खूप आठवून पाहिलं. एकही दिवस आठवला नाही.

त्या गावात नकोसं मांजर पोत्यात घालून नदीपलीकडे सोडायची रीत होती. दुसऱ्या दिवशी धाकटी भाकरी घेऊन शेतात गेली तशी थोरली तिच्या घरात शिरली. हौशी गोधडीवर झोपली होती. पोत्यात घालायला गेलं तर ती नखं काढून किंचाळली असती आणि गाव गोळा झाला असता. म्हणून थोरलीनं गोधडीचीच चार टोकं अलगद उचलली, गाठ मारली आणि नाकापुरती फट ठेवली. थोरली मत्सरी होती, दुष्ट नव्हती. लोक उगाच या दोन्हींना एकाच पाटावर बसवतात.

नदीवर म्हातारा नावाडी होता. त्याच्या जिभेला वल्ह्यापेक्षा जास्त काम असायचं.

"काय थोरल्या वहिनी, माहेरी का?"

"हो."

"माहेर तर डोंगराकडं आहे तुमचं."

"मग दुसरीकडं! तुला काय करायचंय?"

"मला काय करायचंय, मी फक्त वल्हं मारतो. गाठोड्यात काय?"

"कोंबडी."

"म्यांव," गाठोडं म्हणालं.

"शिकलेली दिसते," म्हातारा म्हणाला आणि त्यानं नाव लोटली.

उन्हाळ्याची नदी, पाणी कमरेइतकं. नाव संथ चालली होती. थोरलीनं गाठोडं मांडीवर घेतलं होतं. गोधडीला जुन्या लुगड्यांचा ओळखीचा वास होता, आणि त्या वासात हौशीचं भय हळूहळू निवळलं. गाठोड्यातून आधी घुरघुर आली. मग थोरलीच्या मांडीवर काहीतरी मऊ दाबलं गेलं. एकदा. पुन्हा एकदा. आळीपाळीनं.

थोरलीनं श्वास रोखून गाठ सोडली. हौशी डोळे मिटून बसली होती, आणि तिचे पुढचे पंजे थोरलीच्या मांडीवर चालले होते.

"बाबा, बघा, बघा!" ती ओरडली. "माझे पाय चेपतेय! न सांगता!" आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. भिंत आल्यापासून तिच्या पायाला पहिल्यांदा कुणीतरी हात लावला होता, मग तो पंजा का असेना.

नावाड्यानं वल्हं थांबवलं. "पाय कसले चेपतेय वहिनी, ती आई शोधतेय. पिल्लू असताना आईच्या पोटाला असंच चेपायचं, मग दूध सुटायचं. मोठं झालं तरी मऊ काही पायाखाली आलं, जिवाला बरं वाटलं, की पंजे आपोआप चालू होतात."

थोरलीला आठवलं, हौशी याच गोधडीत जन्मली होती. पण लगेच हार मानली तर ती थोरली कसली! "मग माझं सारवण का उकरते?"

"ओली माती मऊ लागते. मांजर आपलं केलेलं झाकून टाकतं. त्यासाठी आधी उकरायला नको? गावातली किती माणसं एवढं करतात सांगा."

"आणि चौकट?"

"नखावरची जुनी साल तिथं निघते, खालून नवं नख बाहेर येतं. शिवाय पंज्याचा वास मागं राहतो. म्हणजे ते दार माझं, अशी तिची सही. जिथं परकं वाटतं तिथं मांजर सही करत नाही. तुमच्या दारावर केली, आणि तुम्ही केरसुणी घेऊन मागं लागलात."

म्हणजे हौशीनं थोरलीचं दार केव्हाच आपलं मानलं होतं! आता इथं शहाणी बाई काय म्हणाली असती? हौशी दोघींची, चला घरी. तेवढं म्हटलं असतं तर गोष्ट इथंच संपली असती आणि तुम्हीही लवकर सुटला असता. पण मनात इतके दिवस पोसलेला मत्सर एका वल्ह्यात कसा मागं पडेल?

"नाव फिरवा, बाबा," ती म्हणाली. "घरी जाते आणि आधी ते कुडाचं भोक बुजवते. साय मी देते, दार माझं, आता पायही माझेच चेपू दे. बसू दे धाकटीला रिकाम्या मांडीनं!"

म्हाताऱ्यानं नाव फिरवली. इकडे हौशी सुखात पार बुडाली होती. आणि मांजर सुखात बुडालं की फक्त पंजे दाबून थांबत नाही. दाबता दाबता नखंही बाहेर काढतं. धाकटीच्या मांडीवर गोधडीच्या चार घड्या असायच्या. इथं एकच पदर होता, तोही विरलेला.

काठ चार हातांवर आला आणि दहा नखं एकदम आत गेली.

"अगं आई गं!"

थोरली ताडकन उभी राहिली. चालत्या नावेत एकदम उभं राहिलं की काय होतं ते नदीकाठच्या पोरालाही ठाऊक असतं. नाव कलली, थोरली पाण्यात, गोधडी पाण्यात, आणि हौशी नावाड्याच्या मुंडाशावर. म्हातारा इतका ओरडला की त्याचं उरलेलं शहाणपणही गळून पडलं असावं.

तेवढ्यात धाकटी धावत काठावर पोहोचली. शेतातून परतून पाहते तर गोधडी नाही, हौशी नाही, जाऊही नाही. तिघं कुठं गेली असतील याचा अंदाज तिला सहज आला होता. तिनं लुगडं मांडीपर्यंत खोचलं आणि सरळ पाण्यात शिरली. सासूची गोधडी तिच्या हाताशेजारून वाहत गेली, तिनं धरली नाही. हौशीकडे पाहिलंही नाही. आधी थोरलीचा दंड धरला आणि तिला ओढत काठावर आणलं.

थोरली धापा टाकत बसली. समोर धाकटीचे ओले पाय होते. गुडघ्यापासून वर बोटभर जागा मोकळी नव्हती. लाल ठिपके, सुकलेले ओरखडे, त्यांवर नवे ओरखडे. भर उन्हाळ्यात मांडीवर गोधडीची चौघडी कशासाठी असायची ते थोरलीला आता कळलं. राणीच्या बैठकीत बसल्याचा मान ती जिला इतके दिवस देत होती, ती बिचारी चिलखत घालून बसलेली होती.

नावाडी कानामागून एकेक नख सोडवत होता. सांगायची खोड मात्र त्याला तेव्हाही सुटली नाही. "आता तात्पर्य तेवढं ऐकून घ्या: दुसऱ्याच्या मांडीवरचं सुख लांबून मऊच दिसतं, ते हिसकावण्याआधी त्याच्या मांडीवरचे ओरखडे पाहून यावेत."

एवढ्यावर गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण थोरलीला कुणाचं शेवटचं वाक्य सहन होत नसे. तिनं धाकटीच्या पायावरून हळूच हात फिरवला. आयुष्यात पहिल्यांदाच. आणि तरीही दरडावूनच विचारलं,

"इतकं टोचत होतं तर मुकाट्यानं बसायचीस कशाला गं? एकदा तरी ओरडायचंस!"

धाकटी लुगड्याचा पदर पिळत म्हणाली, "सवय आहे, जाऊबाई. इतकी वर्षं तुमचे पाय चेपले ना मी. हौशी निदान टोचताना घुरघुरते तरी."